काउंटरवर नव्याने उभ्या राहिलेल्या सेल्समनसाठी

जळगावच्या फुले मार्केटमध्ये रेडीमेडच्या काउंटरवर तू नुकताच उभा राहिला आहेस, म्हणून आधी सांगतो: गिऱ्हाईकाच्या पोटाकडे पाहून ‘तुम्हाला डबल एक्सएल लागेल’ असे चारचौघांत कधीही म्हणू नकोस. शर्टावरचा ४० हा आकडा बऱ्याचदा छातीचे माप इंचांत, म्हणजे सुमारे १०२ सेंटिमीटर, सांगतो. परंतु एक्सएल प्रत्येक कंपनीचा निराळा असतो आणि ३४ लिहिलेल्या पँटची कंबर टेप लावल्यावर अनेकदा ३६ भरते. लग्नसराईत एका नवरदेवाने, माप वाढल्याचे मान्य करवेना म्हणून, बटणांपाशी ताणलेला शर्टच नेला होता. त्याचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो. खांद्याची शिवण हाडावर बसते का ते पाहा आणि मोठे माप न बोलता हाती दे.