पंधरा टक्के जास्त, पण कशाच्या बदल्यात?

प्रिय,

तुझी दोन्ही ऑफर लेटर वाचली. दुसरीकडे पगार १५ टक्के जास्त, म्हणून तुझा कल तिकडे. तुझ्या वयात मीही तसंच केलं होतं.

त्या नोकरीत ड्युटीचा तक्ता आदल्या रात्री यायचा. फोन उशाशी ठेवून झोपायचो. पाळी सकाळी सहाची की दुपारी दोनची, हे कळेपर्यंत दुसऱ्या दिवसाचं काहीच ठरवता यायचं नाही. आईला डॉक्टरांकडे न्यायची वेळ मी तीनदा पुढे ढकलली. चौथ्यांदा ती मला न सांगता एकटीच जाऊन आली. ते मला अजून लागतं.

असल्या अनिश्चिततेची किंमत माणसं ओळखून असतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात कॉल सेंटरच्या उमेदवारांपुढे खरेखुरे पर्याय ठेवले होते. जेमतेम आठवडाभर आधी मालकानं कामाच्या वेळा ठरवायच्या, हे टाळण्यासाठी सरासरी उमेदवार २० टक्के पगार सोडायला तयार होता! घरून काम करण्याच्या मुभेसाठी ८ टक्के. तुझे १५ टक्के याच्या शेजारी ठेवून बघ.

त्रासाच्या कामाला पैसे जास्त मिळतात, असं अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथनं १७७६ सालीच मांडलं होतं. त्यानं लिहिलं, कोळसा खाणीतला मजूर आठ तासांत जे मिळवायचा, ते लोहाराला बारा तासांतही क्वचितच मिळायचं. कारण लोहाराचं काम कमी धोक्याचं, जमिनीवरचं आणि उजेडातलं. पण ही भरपाई आपोआप पदरात पडत नाही. ज्याला दुसरी नोकरीच नाही, तो कमी पगारातही सगळं सोसतो. अशी माणसं मी फार जवळून पाहिली आहेत. तुझ्या हातात आज दोन पत्रं आहेत, म्हणून आजच विचारून घे. पाळी किती दिवस आधी कळते? आजारपणाच्या रजेचा पगार कापतात का? जादा तास कोण ठरवतं? आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा सुमारे ३५ टक्के जास्त असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा अंदाज आहे. उत्तरं ईमेलवर मागून घे.

आणि एक कर. पाळी सुटताना तिथल्या गेटवर अर्धा तास उभं राहा. बाहेर पडणाऱ्या एखाद्याला विचार, गेल्या महिन्यात ठरलेली सुट्टी कितीदा रद्द झाली. मग मला फोन कर, कितीही उशीर झाला तरी.