जुना सापळा घासायला घेण्याआधी

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात उंदीर पकडायचा जुना गंजका चाप मिळाला म्हणतोस, छान! पण घरी नेल्या नेल्या घासायला बसू नकोस. आधी हातमोजे घाल आणि साबणाच्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळव. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) होतो, पावसाळ्यात तर जास्तच.

गंजलेली पत्री माडाच्या व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवलीस तरी चालेल. स्प्रिंग मात्र त्यात कधीच बुडवू नकोस. आम्लाने पोलाद ठिसूळ होतं आणि चाप ओढताना तार तुटून तोंडावर येते. माझ्या भुवईवरची खूण त्याचीच! स्प्रिंगला केरोसीन आणि पितळी ब्रश पुरे. ज्योतीवर तापवू नकोस, ताण जातो.

लाकडी फळीला भोकं असली तर टिचकी मारून बघ. पोकळ आवाज आला तर किडीने आतून खाल्लीय. तरी फळी बदलू नकोस, जुन्या खिळ्यांच्या खुणा हीच खरी किंमत. वरून अळशीच्या तेलाचा पातळ हात दे.

आणि दातेरी जबड्याचे फासे कुणी दाखवले तर नको म्हण. वन्यप्राण्यांसाठीचे असतात ते, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची कटकट मागे लागेल.