अलार्म 'गो ऑफ' झाला म्हणजे वाजला की बंद पडला?

तुम्ही विचारलंय की 'लाईट्स वेन्ट ऑफ' म्हणजे लाईट गेली, मग 'अलार्म वेन्ट ऑफ' म्हणजे अलार्म वाजला असं उलटं कसं काय. अहो, याच वाक्यावर मी चांगला तोंडघशी पडलोय म्हणून लिहितो.

ऐरोलीला एका कंपनीत सपोर्टला होतो, नाईट शिफ्ट, क्लायंट लंडनचा. रात्री साडेतीनला त्याचा मेसेज आला, सर्व्हर रूमचा अलार्म 'हॅज गॉन ऑफ'. मला वाटलं चला कटकट गेली, मी मस्तपैकी 'ग्रेट, थँक्यू' टाइप केलं आणि खाली टपरीवर कटिंग मारायला गेलो. वर येतो तर सात मिस्ड कॉल. तिकडे एसी बंद पडून रूम तापलेली, अलार्म बोंबलतोय आणि मी ग्रेट म्हणून मोकळा! टीम लीडने काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेव्हापासून मी एवढंच बघतो की ती वस्तू एरवी कशी असते. अलार्म, बॉम्ब, बंदूक एरवी गप्प असतात, त्या 'गो ऑफ' झाल्या की वाजतात, फुटतात, उडतात. लाईट, हीटर चालू असतात, ते बंद होतात. दूध 'गॉन ऑफ' म्हणजे नासलं, पण हे ब्रिटिश लोक बोलतात, अमेरिकन सरळ 'वेन्ट बॅड' म्हणतात. आणि 'आय हॅव गॉन ऑफ मिसळ' म्हणजे मिसळीवरून मन उडालं (ठाण्यात राहून हे बोलायची माझी तरी हिंमत नाही).

विचित्र वाटतं ना, पण आपलं 'सुटणं' बघा की. शाळा सुटली म्हणजे संपली, वारा सुटला म्हणजे सुरू झाला, वाशी लोकल सुटली म्हणजे गेली, पोट सुटलं ते तर विचारूच नका. माझ्या त्या क्लायंटला हे शिकवायला बसलो असतो तर तोही रडला असता.

फक्त एक, 'टर्न ऑफ' आपण करतो, 'गो ऑफ' आपोआप होतं. पंखा बंद केला हे सांगायला 'आय वेन्ट ऑफ द फॅन' म्हणालात तर समोरच्याला वाटेल तुमचं पंख्याशी बिनसलंय.