इन्स्टाग्रामच्या एडिट्स अॅपमध्ये एक लांब क्लिप मधून कशी तोडायची? तोडली की आवाज तुटतो, काय करावं?

क्लिपवर टॅप करा, खाली स्प्लिट येतं. टाइमलाइनवरची उभी रेघ जिथे असेल तिथे क्लिप तुटते. आधी दोन बोटांनी टाइमलाइन ताणून मोठी करा, म्हणजे हवी ती फ्रेम पकडता येते. नको तो तुकडा निवडून डिलीट. मूळ व्हिडिओ गॅलरीत तसाच राहतो. दोन मिनिटांचं काम आहे. पण आवाजाचं विचारलंत म्हणून लिहायला बसलो, कारण त्यावरून आमच्या घरात अजून धुसफूस चालू आहे.

आमचा बैलगाडा आहे, खेड तालुक्यात. २०१४ ला शर्यतींवर बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने परवानगी दिली आणि २०२२ च्या चैत्रात आमच्या यात्रेला घाट, म्हणजे शर्यतीची धावपट्टी, पुन्हा भरला. आमच्या गाड्याची बारी, म्हणजे घाटातली धाव, मी मोबाइलवर घेतली. घड्याळात १२.४० सेकंद. बरोबर मध्यावर वारा फिरला आणि दोन सेकंद नुसता धुरळा. बैल नाहीत, त्यांच्यापुढे पळणारी घोडी नाही, फक्त भिर्रर्र आणि माइकवरच्या माणसाचं "आली आली आली".

रात्री चुलतभाऊ शेजारी येऊन बसला. "हे काय, माती दिसतीये नुसती. काढ ते." मी म्हणालो, दादा, आवाज राहू दे, वरून गर्दीचा शॉट टाकू. तर म्हणे, "गाडा दाखवायचाय का माणसं?" मोठा आहे, बैल त्याचे. एडिट्स तेव्हा नव्हतं, ते २०२५ च्या एप्रिलमध्ये आलं. माझ्याकडे दुसरं अॅप होतं, पण स्प्लिट सगळीकडे सारखंच. धुरळ्याच्या अलीकडे एक, पलीकडे एक, मधलं डिलीट.

बघितलं तर घोडी एकदम कासराभर पुढे उडालेली आणि माइकवाला "आली आ" करून गप्प. दादाला ते दिसलंच नाही. वर स्वतःच्या हाताने लिहिलं, "१० सेकंदांत घाट"! शेजारच्या गावातल्या पोरांनी खालच्या निशाणापासून वरच्या निशाणापर्यंत मोजलं आणि विचारलं, घड्याळवाले तुमच्या घरचेच का? इथे सेकंदाच्या शतांशावर नंबर जातो, सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे साधारण तीन शतांश, आणि आम्ही अख्खे दोन सेकंद खाल्लेले. यात्रा कमिटीसमोर दादा काय म्हणाला? "पोराने कापाकापी केली." दुसऱ्या दिवशी मी सलग क्लिप टाकली. ती बघायला कोण येतंय.

तर तुमच्या आवाजाचं उत्तर तेच, जे मी त्या रात्री सांगत होतो. वाईट भाग कापू नका, झाका. खालची क्लिप सलग ठेवा, तेवढ्या दोन-तीन सेकंदांवर ओव्हरले म्हणून दुसरा शॉट टाका आणि त्याचा आवाज शून्य करा. आवाज अखंड राहतो, वेळही तेवढाच. कापायचंच असेल तर शब्दाच्या मध्ये कापू नका, माणूस श्वास घेतो तिथे कापा. स्लो मोशनसाठी तुकडा पाडणार असाल तर शूटिंग ६० फ्रेमवर करा, नाहीतर बैल अडखळत पळतात.

तुमचा व्हिडिओ रेसिपीचा किंवा सहलीचा असेल तर हे सगळं विसरा, बिनधास्त तोडा. कांदा परतायला किती सेकंद लागले हे कुणी मोजत नाही. फक्त फायनल व्हिडिओ एक्स्पोर्ट होईपर्यंत गॅलरीतली मूळ क्लिप उडवू नका.

आमची मूळ क्लिप माझ्याकडे अजून आहे, धुरळ्यासकट. दादा, वाचत असशील तर मोजून घे.