चेनसॉ घ्यायचीय, पण पेट्रोलची की बॅटरीची?

प्रश्न: दादा, घराभोवती बरीच झाडं आहेत. वर्षातून तीन-चारदा वाळक्या फांद्या काढायच्या असतात आणि वादळात एखादं झाड आडवं झालं तर त्याचे तुकडे करायचे. आत्तापर्यंत हातकरवतीने भागवलं पण आता खांदे बोलतात. भाऊ म्हणतो पेट्रोलचीच घे, बाकी सगळी खेळणी. मित्र म्हणतो बॅटरीची घे. त्यात स्टिल, हस्कवर्ना, मकिता, इको... नावं ऐकूनच डोकं फिरलंय. काय करू?

उत्तर: कंपनीचं नंतर बघू, आधी हे बघा की तुम्हाला नेहमी कापावं लागणारं लाकूड किती जाड असतं. त्यावरून बार ठरतो (बार म्हणजे पुढची ती पट्टी, जिच्यावरून चेन पळते) आणि बारवरून मशीनची ताकद. लाकडाच्या जाडीपेक्षा बार दोनेक इंच लांब असला की काम सोपं जातं. तुमच्या फांद्या मनगटाएवढ्या ते मांडीएवढ्या असणार, म्हणजे 12 किंवा 14 इंची बार भरपूर झाला, आणि कधी जाड बुंधा आलाच तर दोन्ही बाजूंनी कापत जाता येतं. लोक हौसेने 18-20 इंची घेतात आणि मग तेवढं वजन हातात धरून दमतात, शिवाय लांब बारचं टोक पलीकडे कशाला टेकतंय ते दिसत नाही, आणि टोक टेकणं हीच या मशीनमधली सगळ्यात वाईट गोष्ट आहे, त्याबद्दल खाली लिहिलंय.

आता भावाचं म्हणणं. दिवसभर लाकूड कापणाऱ्या माणसासाठी ते शंभर टक्के बरोबर आहे. हिशोब बघा ना, 36 व्होल्ट 5 अँपिअर-अवरच्या बॅटरीत 180 वॉट-अवर मावतात आणि एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण 9 हजार. छोटं टू-स्ट्रोक इंजिन त्यातला बराचसा भाग उष्णतेत घालवतं तरीही जे उरतं ते बॅटरीच्या कितीतरी पट, आणि टाकी संपली की मिनिटात परत भरता येते. जंगलात काम करणारे अजून पेट्रोल सोडत नाहीत ते यामुळे.

पण तुम्ही मशीन वर्षातून चार वेळा काढणार, आणि पेट्रोल मशीनला पडून राहण्यासारखा दुसरा शत्रू नाही. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळायचं, बऱ्याच मशीनना 50 ला 1, म्हणजे लिटरला 20 मिली, आणि ते मिश्रण महिनाभरात संपवलेलं बरं. इथेनॉल असलेलं पेट्रोल हवेतला ओलावा धरतं, टाकीत राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट राळ उरते, ती कार्बोरेटरच्या बारीक भोकांत जाऊन बसते. माझी स्वतःची मशीन एकदा टाकीत पेट्रोल ठेवूनच पाच-सहा महिने कोपऱ्यात पडली होती, नंतर दोरी ओढून ओढून हाताला फोड आले पण ती चालू झाली नाही ती नाहीच, शेवटी कार्बोरेटर खोलून साफ करावा लागला. चूक माझीच होती. तेव्हापासून ठेवायच्या आधी टाकी रिकामी करतो आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतो.

म्हणून माझं स्पष्ट मत, तुमच्या कामाला बॅटरीची घ्या. 36 व्होल्ट किंवा त्याच्या वरची, ब्रशलेस मोटरवाली (आत घासून झिजणारे कार्बन ब्रश नसलेली), आणि जमलं तर दोन बॅटऱ्या, म्हणजे एक चार्ज होईपर्यंत दुसरी चालते. बॅटरी साठवताना अर्धी-अधिक भरलेली आणि थंड जागी ठेवा, उन्हात तापलेल्या गाडीत नको.

वायरवालीचं थोडक्यात सांगतो. 1800-2000 वॉटची मोटर असते, वीज आहे तोवर थांबत नाही, वजनाला हलकी. घराजवळ एका जागी बसून ओंडके कापायचे असतील तर उत्तम. पण लांब आणि बारीक एक्स्टेंशन लावलं की व्होल्टेज पडतं, मोटर तापते, आणि पडलेल्या झाडाच्या फांद्यांमध्ये वायर सांभाळत कापणं म्हणजे लक्ष दोन ठिकाणी. पावसात तर नाहीच नाही.

आता कंपनी. स्टिल जर्मनीची, 1926 पासूनची. हस्कवर्ना स्वीडनची, 1689 मध्ये बंदुकांचा कारखाना म्हणून सुरू झाली आणि 1959 पासून चेनसॉ बनवतेय. मकिता आणि इको जपानच्या. चारही चांगल्या आहेत, खरंच. पण कंपनी-कंपनीत जेवढा फरक नाही तेवढा एकाच कंपनीच्या दोन मशीनमध्ये असतो. स्टिलचीच एमएस 170 बघा, 30 सीसीची घरगुती, आणि एमएस 261 ही 50 सीसीची धंद्याची मशीन, नाव एकच पण काम पूर्ण वेगळं. म्हणून नावापेक्षा दोन गोष्टी विचारा. एक, स्पेअर पार्ट आणि दुरुस्ती तुमच्या आवाक्यात आहे का. दुसरी, घरात आधीपासून कुठल्या बॅटऱ्या आहेत, कारण एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीत बसत नाही, म्हणजे बॅटरीवाली मशीन घेताना तुम्ही पुढच्या दहा वर्षांचं घराणं निवडताय. मकिताचं 18 व्होल्टचं ड्रिल असेल तर त्यांच्या काही चेनसॉ तसल्याच दोन बॅटऱ्यांवर 36 व्होल्टने चालतात. मकिताने 2022 मध्ये इंजिनवाल्या मशीन बनवणं बंद केलंय, त्यामुळे त्यांची पेट्रोलची कुठे मिळत असेल तर पार्टचं आधी विचारून घ्या.

आणि नामांकित मशीनचा रंग-आकार उचललेल्या नकली मशीन स्वस्तात मिळतात, त्या घेऊ नका. अशा मशीनचा चेन ब्रेक (मशीन उसळली की पळती चेन जागीच थांबवणारा) ऐनवेळी लागेल याचा काही भरवसा नाही.

प्रश्न: वर्षापूर्वी बॅटरीची घेतली. आधी लोण्यासारखं कापायची, आता लाकडावर जोर द्यावा लागतो, भुसा पिठासारखा पडतो, बॅटरी लगेच उतरते आणि काप एका बाजूला वळतो. पेट्रोलची घेऊ का?

उत्तर: नका घेऊ, एक गोल कानस घ्या! तुमची चेन बोथट झालीय एवढंच. धारदार चेन लाकडाचे कपचे काढते, पीठ पडायला लागलं की समजा धार गेली. काप वळतोय म्हणजे एका बाजूचे दात जास्त झिजलेत, बहुतेक दगडाला किंवा मातीला लागले असतील.

आजची चेन जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने 1940 च्या दशकात बनवली, ती लाकूड पोखरणाऱ्या किड्याच्या अळीकडे बघून. अळीचे जबडे डावीकडे-उजवीकडे कापत जातात, तसे या चेनचे दातही एक डावा, एक उजवा. म्हणून दोन्हीकडची धार आणि लांबी सारखी पाहिजे. छोट्या मशीनवर बहुतेक 3/8 लो-प्रोफाइल मापाची, म्हणजे कमी उंचीच्या दातांची चेन असते, तिला 4 मिमीची कानस लागते. दाताच्या कोनात, सहसा 30 अंशात, आतून बाहेर दोन-तीन वेळा कानस फिरवायची, प्रत्येक दाताला तेवढ्याच वेळा. बॅटरी काढून आणि हातमोजे घालूनच. आणि चेनचं ऑइल संपत नाही ना ते बघत जा, ते बॅटरीच्या मशीनलाही लागतंच, बरेच जण हे विसरतात.

प्रश्न: बॅटरीची मशीन आवाज कमी करते, मग चष्मा, इअरमफ वगैरे लागतंच का?

उत्तर: लागतं. आवाज कमी असला तरी तासभर कानाजवळ असतो, आणि बोट कुठलं आणि लाकूड कुठलं हे चेन ओळखत नाही. बारच्या टोकाचा वरचा भाग कशाला टेकला की अख्खा बार उसळून तुमच्या तोंडाकडे येतो, हाच किकबॅक, आणि तो इतक्या झटक्यात होतो की हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. दोन्ही हातांनी धरा, डाव्या हाताचा अंगठा हँडलच्या खालून वळवून. खांद्याच्या वर कापू नका. शिडीवर चढून तर अजिबात नको, उंचावरच्या फांदीला लांब दांड्याची पोल सॉ घ्या.