विहिरीत पोहणारी लेकरं आणि मागच्या अंगणातला स्विमिंग पूल

भाऊ, तुमचा प्रश्न असा: लातूरहून ब्रिस्बेनला यायचंय, लेकरं नऊ आणि सहा वर्षांची, थोरला विहिरीत पोहतो, मग पूल असलेलं घर भाड्याने घ्यावं, की नदी-तलाव जवळ असताना तो खर्च कशाला? आणि तिथे एकटं वाटेल का? व्हिसाचं आणि शाळाप्रवेशाचं सरकारी संकेतस्थळावर नीट दिलेलं आहे, ते सोडतो.

आधी घराचं. करार करण्याआधी पूलचं सुरक्षा प्रमाणपत्र मागा. भाड्याच्या स्वतंत्र घराला ते दोन वर्षं चालतं, सोसायटीच्या सामायिक पूलला एकच वर्ष. तारीख स्वतः वाचा. कुंपण किमान १.२ मीटर उंच हवं, खालची फट १०० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. फाटक बाहेरच्या बाजूला उघडावं, हात सोडला की आपोआप मिटावं आणि कडी पडावी. ते अर्धवट उघडून सोडून बघा. बिजागरी सैल झाली की फाटक टेकतं, पण कडी पडत नाही. कागदावर सगळं बरोबर असतं आणि नंतर भाडेकरूच तुळशीची कुंडी किंवा खुर्ची कुंपणाला लावून ठेवतो. तेवढ्यावर चढून सहा वर्षांचं लेकरू आत जातं. बाजारातला फुगवायचा हौद ३० सेंटिमीटर खोल भरणारा असला, तर त्यालाही हाच कुंपणाचा नियम लागतो, हे दुकानदार सांगेलच असं नाही. पाण्यात घालायची औषधं कोणी आणायची, पंप बिघडला तर खर्च कोणाचा, हे करारात लिहून घ्या. तोंडी शब्दावर इथे महिनोन् महिने ईमेल चालतात.

आता पाण्याचं. ८ बाय ४ मीटरचा, सरासरी दीड मीटर खोल पूल म्हणजे ४८ हजार लिटर. मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), पीएच म्हणजे पाणी किती आंबट की खारट याचं माप ७.२ ते ७.६ आणि अल्कलिनिटी, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारा क्षार, ८० ते १२० पीपीएम ठेवा. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा तपासा. पाणी हिरवं झालं की लोक नुसतं क्लोरीन ओतत बसतात. पीएच ८ वर गेला की त्यातलं जेमतेम पाव क्लोरीन कामाला येतं, म्हणून आधी पीएच उतरवा. मिठाच्या पाण्याच्या पूलमध्ये पीएच सारखा चढतो, तिथे ॲसिड नेहमी लागतं. बादलीत आधी पाणी, मग त्यात ॲसिड. उलटं कधीच नाही. दोन प्रकारच्या क्लोरीन पावडरी एका डब्यात मिसळल्या तर पेट घेतात. डोळे चुरचुरणं आणि उग्र वास ही क्लोरीन जास्त झाल्याची खूण आहे असं वाटतं, पण बहुतेक वेळा ते कमी पडलेलं असतं: घाम-लघवीशी जोडलं गेलेलं क्लोरीन तसं वास मारतं.

नदी-तलाव फुकट आहेत, पण गोदावरीचा अंदाज इथे लावू नका. आपल्याकडे वाळू उपसलेला खड्डा कुठे आहे, वरून पाणी कधी सोडतात, हे काठावरचा कोणीतरी सांगतो. इथे काठावर कोणी नसतं. ब्रिस्बेन नदी गढूळ आहे आणि तिच्यात बुल शार्क आहेत, तिथे पोहायचा विचार करू नका. किनाऱ्याने उत्तरेला ग्लॅडस्टोन गावाकडे किंवा त्याच्या पुढे गेलात तर मगरींची पाटी वाचल्याशिवाय पाण्यात पाय घालू नका. धरणावर पोहायला नेमून दिलेल्या जागीच उतरा. वरचं पाणी कोमट असतं आणि दोन-तीन मीटर खाली एकदम गार लागतं, श्वास अडकतो. पाण्याखाली झाडांचे बुंधे असतात, म्हणून सूर नाही, मुटका नाही; पाय आधी, तेही चाचपत. मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवस थांबा. पाण्यावर हिरवी साय किंवा रंग सांडल्यासारखा थर दिसला तर परत फिरा.

थोरल्याच्या पोहण्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण ते मला अजून खुपतं. शाळेच्या फॉर्मवर विचारतात, किती मीटर पोहता येतं? विहीर मीटरमध्ये मोजत नाहीत. डबा बांधून शिकलेलं, दहा हात खोल बुडी मारून तळाची माती वर आणणारं लेकरू इथे पोहणं न येणाऱ्यांच्या रांगेत उभं राहतं, आणि ते घरी येऊन काही सांगत नाही. शिक्षकांचंही एक खरं आहे: आपली मुलं मान वर काढून पोहतात, कंबर खाली जाते, वीस मीटरला दम लागतो. निघण्याआधी महिनाभर जलतरण तलावावर न्या. काठ धरून तोंड पाण्यात, नाकातून बुडबुडे. मग एक कान पाण्यात ठेवून मान फक्त बाजूला. मग दर तिसऱ्या हाताला श्वास. बाराव्या वर्षापर्यंत सलग ५० मीटर पोहता यावं आणि दोन मिनिटं तरंगता यावं, अशी इथली अपेक्षा आहे. बुडी मारण्याआधी भराभर श्वास घ्यायची विहिरीवरची सवय मात्र मोडा. त्याने श्वास घ्यायची निकड उशिरा जाणवते आणि पाण्याखालीच शुद्ध हरपते.

एकटेपणाचं विचारलंत. पहिलं वर्ष जड जातं, मग कामात बुडून जातो माणूस. पण पूलवर एकटेपणा वेगळ्या तऱ्हेने भेटतो. विहिरीवर दहा जण असतात, एखादा तरी कठड्यावर बसलेला असतो. मागच्या अंगणात फक्त तुम्ही. बुडणारं लेकरू ओरडत नाही, हातही हलवत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला येतं आणि गप्प होतं. धाकट्यापासून हाताच्या अंतरावर, फोन घरात ठेवून, एक मोठं माणूस बसणार असेल तरच पूलवालं घर घ्या. दोघंही शिफ्टमध्ये काम करणार असाल तर घेऊ नका, महापालिकेच्या पूलवर जा. तिथे जीवरक्षक असतो, आणि गर्दीही.

आणि घेतलात तर झाकण वापरा. कडक उन्हात रोज पाच मिलिमीटर पाणी उडतं, म्हणजे १६० लिटर. पूल पूर्ण रिकामा कधीच करू नका, खालच्या भूजलाच्या दाबाने टाकी उचलली जाते. वाळूच्या फिल्टरचा दाब स्वच्छ असतानापेक्षा ५० ते ७० किलोपास्कलने वाढला की पाणी उलट्या दिशेने सोडून तो धुवावा लागतो, त्यात दोन-तीन मिनिटांत पाचशे लिटरच्या आसपास पाणी जातं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्या एका वाघिणीत साधारण ५० हजार लिटर होतं. एका घरचा पूल म्हणजे जवळपास तेवढंच. फिल्टर धुताना काचेच्या नळीतून पूलचं पाणी गटाराकडे जातं, ते स्वच्छ होतंय का हे बघत उभं राहावं लागतं, आणि ते मला आजही बघवत नाही.