‘संकेतमार्ग’ की ‘निरोपांची साखळी’?

निपाणीहून एका ताईंनी विचारलंय: तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायकांसाठी तोंडाच्या कर्करोगावर मराठी पत्रक करायचं आहे. ‘सेल सिग्नलिंग पाथवे’ला, म्हणजे बाहेरचा निरोप पेशीच्या आत पोचवणाऱ्या प्रथिनांच्या रांगेला, ‘पेशी-संकेतन मार्ग’ म्हणावं का? आणि ‘संकेतमार्गांमुळे कर्करोग होतो’ हे वाक्य चालेल का?

वाक्याचं आधी सांगतो. नाही चालणार. हे मार्ग निरोगी पेशीतही असतातच. ते नसते तर गालाच्या आत चावा बसल्यावर जखम भरून आली नसती. ‘संकेतमार्ग बिघडल्यामुळे’ असं हवं.

आता शब्द. ‘संकेत’ला मराठीत आधीच पुष्कळ कामं आहेत: साहित्यातले संकेत, प्रेमिकांचा संकेत, वर संकेतस्थळ. ‘मार्ग’ त्याहून फसवा. ऐकणारीला वाटेल, रोग या वाटेनं गालातून गळ्याकडे उतरतो. प्रत्यक्षात पेशीच्या पृष्ठभागावर ईजीएफआर नावाचं प्रथिन असतं. वाढीचा घटक, म्हणजे ‘वाढ’ असा निरोप आणणारा रेणू, बाहेरून येऊन त्याला चिकटला की आतला रास जागा होतो. रास, राफ, मेक, अर्क ही सगळी पेशीतल्या प्रथिनांचीच नावं. रास राफला उठवतो, राफ मेकला, मेक अर्कला. अर्क केंद्रकात शिरतो आणि पेशी विभाजनाला लागते. निरोपच हातोहात पुढे जातो, म्हणून पत्रकात मी ‘निरोपांची साखळी’ लिहीन. प्रबंधात ‘संकेतमार्ग’ राहू दे. ‘संकेतन’ मात्र कुठेच नको, जीभ अडखळते.

बिघाड सांगणंही मग सोपं जातं. धड रास निरोप देऊन स्वतः बंद होतो. जनुकात बदल झालेला रास कुणी काही धाडलेलं नसतानाही निरोप देतच राहतो. तोंडाच्या कर्करोगात ईजीएफआरही बरेचदा गरजेपेक्षा जास्त असतं; सेटुक्सिमॅब हे औषध त्यालाच अडवतं. औषधाचं नाव पत्रकात नको. सुपारी मात्र हवीच. ‘तंबाखू सोडली, नुसती सुपारी खाते’ म्हणणाऱ्या पुष्कळ असतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 मध्येच नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलंय.

न विचारलेलं एक. ‘पेशी’ म्हणजे मुळात मांसाचा गोळा. सुश्रुतसंहितेतल्या 500 पेशी म्हणजे आपले स्नायू. हिंदीत आजही मांसपेशी म्हणतात. चिक्कोडी-हुक्केरीकडच्या कन्नड शाळेत शिकलेल्या मुलींच्या पुस्तकात ‘सेल’ला ‘जीवकोश’ आहे. पहिल्यांदा ‘पेशी’ लिहाल तिथे ‘म्हणजे जीवकोश’ एवढं जोडा.